संशोधनातली उमेदवारी



विद्वानांच्या पंक्तीला आम्हांस बसविल्याबद्दल चालकांचे आभार. आमचे शाळेतले शिक्षण आठवीला संपले. पुढचे जे काही झाले ते कामगारांचे दावे लिहिताना आणि संघाच्या कचेरीतल्या कपाटातली पुस्तके वाचताना. तेव्हा संशोधनावर आम्ही बोलावे हे धाडसच म्हणायचे. पण या विषयाच्या पोटात प्रश्न मजुरीचा आहे, आणि मजुरीच्या प्रश्नात आमची तीस वर्षे गेली आहेत.

सार्वजनिक धोरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्था हल्ली महाविद्यालयातील मुलामुलींना काही आठवडे संशोधनाच्या कामाला घेतात. त्याला इंटर्नशिप म्हणतात. आपला जुना शब्द उमेदवारी. छापखान्यात, वकिलाच्या कचेरीत पोरे उमेदवारी करीत, तशीच ही. विद्यार्थी जुने अहवाल चाळतो, वस्तीत जाऊन प्रश्नावल्या भरून आणतो, आकड्यांचे तक्ते करतो. काम चांगले आहे. पुण्याला तर ही परंपरा नवी नाही. रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या देखरेखीखाली १९३६-३७ साली या शहराची घरोघर जाऊन पाहणी झाली. तिचा पहिला भाग छापून यायला १९४५ साल उजाडले. घराघरांत जाऊन विचारल्यावाचून शहर कळत नाही, हा धडा या गावाने तेव्हाच घेतला आहे.

आता व्यवहाराकडे येऊ. देशाचे धोरण ठरविणाऱ्यांना सल्ला देणारी दिल्लीची संस्था म्हणजे नीती आयोग. तिने विद्यार्थ्यांसाठी जी योजना काढली, तिचे नियम आम्ही वाचले. मुदत कमीत कमी सहा आठवडे, जास्तीत जास्त सहा महिने. पदवीच्या विद्यार्थ्याला बारावीत ८५ टक्के गुण हवेत. लॅपटॉप स्वतःचा आणायचा. आणि वेतन? काही नाही. आता हिशेब करा. दिल्लीतले खोलीभाडे, दोन वेळचे जेवण, बसभाडे, घरून न्यायचा लॅपटॉप, आणि सुटीत चार पैसे मिळवायचे तेही बुडाले. हा खर्च कोणाचा बाप सोसेल? कंत्राटी कामगाराचा मुलगा ८५ टक्के मिळवील हो, आमच्या संघातच अशी मुले आहेत. पण तो दिल्लीला जाणार नाही. सुटीत तो कुठल्या तरी दुकानात वजनकाट्यापाशी उभा असेल.

यावर एक उत्तर नेहमी येते. हे शिक्षण आहे, नोकरी नव्हे; शिकणाऱ्याने मोबदला मागू नये. हे आमच्या ओळखीचे वाक्य आहे. कारखान्यातही मालक हेच म्हणत. पण १९६१ साली शिकाऊ उमेदवार अधिनियम झाला आणि लेथवर शिकायला आलेल्या पोराला विद्यावेतन देणे कायद्याने बांधून टाकले. तो पोर शिकतोच, लोखंडही वाया घालवतो, तरी त्याला विद्यावेतन मिळते. मौज अशी की त्याच्या विद्यावेतनावर अहवाल लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला पुष्कळदा दमडी मिळत नाही! अमेरिकेच्या अध्यक्षांच्या कचेरीतही असेच चाले. तेथे २०२२ साली पैसे देऊ लागले. त्याने शिक्षणाचे काही नुकसान झाल्याचे आमच्या तरी कानावर नाही.

शिवाय ही आता हौसेची गोष्ट राहिलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी पदवीच्या विद्यार्थ्याला ६० ते १२० तासांची इंटर्नशिप अभ्यासक्रमातच घातली. सक्ती आली की खर्चाचा प्रश्नही आला. तो कोणी भागवायचा याचे उत्तर सक्ती करणाऱ्यांनी द्यावे.

कोणी म्हणेल, चार पोरांच्या बसभाड्यासाठी व्याख्यान कशाला? आमचा खरा मुद्दा भाड्याच्या पलीकडे आहे. काही वर्षांमागे एका संस्थेचे विद्यार्थी भुसार बाजारात हमालांची पाहणी करायला आले होते. प्रश्नावलीत रकाना होता, मासिक उत्पन्न. हमाल पोत्यामागे मजुरी घेणारा माणूस. त्याला महिन्याचा आकडा कुठला? विचारणारा बिचारा नम्र होता, म्हणून हमालांनी त्याचे मन राखायला तोंडाला येईल तो आकडा सांगितला. त्या तुकडीत एक मुलगी होती. तिचा बाप मोसंबीच्या बाजारात ओझी वाहणारा. तिने रकाना बाजूला ठेवला आणि विचारले, "काका, आषाढात किती दिवस काम पडलं? आणि दिवाळीच्या तोंडावर? उचल घेतलेली फिटली का?" तेव्हा खरे आकडे बाहेर आले. हंगामात हातात पैसा, पावसाळ्यात कर्ज. सरासरी काढली की दोन्ही नाहीसे. ही अक्कल तिला कोणत्याही पुस्तकाने दिली नव्हती. घरी पावसाळ्यात चूल कशी पेटते हे तिने पाहिले होते.

ती मुलगी तेथे पोहोचली, कारण त्या संस्थेने जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा खर्च दिला होता. न देती तर तो अहवालही छापला गेला असता, सुबक तक्त्यांसह, आणि हमालाचे मासिक उत्पन्न त्यात खोटेच राहिले असते. त्या आकड्यावरून उद्या कोणी रेशनकार्डाची मर्यादा ठरविली असती. कोणाच्या घरातली पोरे प्रश्न विचारायला जातात, यावर कोणाचे उत्तर कागदावर उतरते हे अवलंबून असते. श्रीमंतांची मुले प्रामाणिक नसतात असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी यावेच. पण एकट्या त्यांनीच आले तर रकाना बदलायचे कोणाला सुचणार?

तेव्हा संस्थांकडे आमची मागणी साधी आहे. जाहिरातीत कामाचे स्वरूप लिहिता, तसा विद्यावेतनाचा आकडाही लिहा. बाहेरगावच्या मुलाची राहण्याची सोय करा. कचेरीतला एखादा लॅपटॉप त्याच्या हाती द्या. आणि अहवाल पुरा झाला की ज्या वस्तीत प्रश्न विचारले तेथे जाऊन तो मराठीत वाचून दाखवा. चुका तेथल्या तेथे सापडतील. मोठ्या संस्थांना हे जड नाही. लहान संस्थांची अडचण आम्ही जाणतो. त्यांनी चार उमेदवारांऐवजी दोन घ्यावेत, पण पैसे देऊन घ्यावेत.

दुसऱ्याला सांगताना आपला खिसा बांधून ठेवणे बरे नव्हे. म्हणून आमच्या संघाच्या कार्यकारिणीने या उन्हाळ्यात सभासदांच्या दोन मुलांचा दोन महिन्यांचा प्रवास आणि जेवणाचा खर्च संघाच्या निधीतून द्यायचे ठरविले आहे. संस्था त्यांनी स्वतः निवडावी. कोणाच्या ओळखीचा होतकरू मुलगा किंवा मुलगी असेल तर संध्याकाळी सहानंतर कचेरीत पाठवा. अर्ज साध्या कागदावर चालेल.