पुण्याचा अनामिक शल्यविशारद



मी वैद्य नव्हे. केंद्र सरकारच्या फायलींत केस पिकलेला एक साधा बी. ए. आहे. तरीही आज एका शस्त्रक्रियेची हकीकत सांगण्याचे धाडस करीत आहे, कारण तिचा संबंध जसा पुण्याशी आहे, तसाच आपल्या या चेन्नईशीही आहे.

टिपूशी १७९२ साली संपलेल्या युद्धात इंग्रजांच्या सैन्याचे बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी शत्रूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. नाक कापले जाणे हा आपल्याकडे अब्रू जाण्याचा वाक्प्रचार. त्या गरिबाने तो सुमारे वर्षभर चेहऱ्यावर वागवला.

पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या कुंभार जातीच्या एका इसमाने त्याला नवे नाक दिले. त्याने नाकाच्या थोटकावर मेणाचा पातळ साचा बसवला, तो सपाट करून कपाळावर ठेवला व भोवती रेघ आखली. तेवढी कातडी सोडवली. मात्र दोन्ही डोळ्यांच्या मध्ये तिचा एक चिंचोळा पट्टा जोडलेलाच राखला. जुन्या व्रणाच्या कडा तासून, कातडीला अर्धा पीळ देऊन ती खाली आणली आणि सांध्यावर पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या ठेवल्या. चार दिवसांनंतर तुपात भिजवलेले कापड ठेवले. सुमारे पंचविसाव्या दिवशी तो पट्टा कापला.

सारे मर्म त्या पट्ट्यात होते. नव्या जागी रुजेपर्यंत कातडीला रक्त मिळाले ते त्यातूनच. तो आधीच तोडला असता, तर कातडी मेली असती. गाव सोडून आलेल्या आपणां सर्वांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

मुंबई इलाख्याचे डॉक्टर क्रूसो व फिंडले यांनी ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली. जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र रंगवले. १७९३ साली ही हकीकत मद्रासमध्ये छापली गेली आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये आली. तिच्याच आधारे जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया केली व १८१६ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीचे नाक सांगितले आहे. कपाळाच्या कातडीची ही रीत तर आजही जगभर वापरली जाते.

रोग्याचे नाव राहिले, पाहणाऱ्यांचे राहिले, चित्रकाराचेही राहिले. ज्याच्या हातांनी हे घडले, त्याचे नाव मात्र त्या वृत्तांतात नाही. परक्यांना दोष का द्यावा? त्यांनी निदान कृती तरी लिहून ठेवली.

सरकारी नोकरीत एक गोष्ट शिकलो: ज्याची नोंद नाही, ते काम झालेच नाही असे धरले जाते. आपल्या मंडळाच्या पहिल्या गणेशोत्सवात सतरंज्या कोणी घातल्या, पंगतीचा स्वयंपाक कोणी केला, मुलांना बाराखडी कोणी गिरवून घेतली, ही नावे आज थोड्याच वृद्धांच्या स्मरणात आहेत. आज घरी गेल्यावर त्यांना विचारा आणि लिहून ठेवा, एवढीच विनंती.