आज्याची बंदूक

वाशीमकडे ज्यांच्या घरी आज्याची ठासणीची बंदूक खुंटीवर आहे, त्यांच्यासाठी हे बोलतो. रोही-रानडुकरांपासून वावर राखले तिने. ती विका म्हटले तर म्हातारी अंगावर येईल, आणि ते बरोबरच आहे! पण वावराप्रमाणे बंदुकीचा परवाना वारसाने चालत येत नाही. १८७८ च्या गोऱ्यांच्या कायद्यात परवाना होता, आपल्या १९५९ च्या कायद्यातही आहे. तो माणसाच्या नावाचा; माणूस गेला, परवाना संपला. तेरवीला कर्ज काढून पंगती उठवतो, हा कागद कोण पाहतो? बंदूक लगेच पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्या, वारसाच्या नावाने जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. परवाना मिळाला की ती परत घरी येते. मुदत चुकली तर सरकारजमा होते.