अर्धी चावी आणि 18,000 आरपीएम

आजचा भाग माझ्याच एका चुकीवर आहे.

नोकरीचं दुसरं वर्ष. 15 किलोवॅटच्या टेस्ट रिगवर ॲल्युमिनियमचा इंपेलर 40 मिलिमीटरच्या स्टील शाफ्टवर बसवायचा होता. वेग 18,000 आरपीएम. मी ड्रॉइंगमध्ये सरळ चावी दाखवली. चावी म्हणजे शाफ्ट आणि हबच्या खाचेत बसणारा लोखंडी तुकडा. साध्या मोटरला, पंपाला चालते, मग इथे का नको?

रिग सुरू केली. 12,000 च्या पुढे अशी थरथर सुटली की आमच्या हेल्परदादांनी धावत जाऊन लाल बटण दाबलं. मिनिटभर आधी ते गार्डला टेकून उभे होते. आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

झालं काय होतं? शाफ्ट अर्धी चावी धरून बॅलन्स केला होता, इंपेलर मात्र चावीशिवाय. जोडल्यावर अर्ध्या चावीचं वजन हिशोबाबाहेर राहिलं. समजा, 10 ग्रॅम, केंद्रापासून 20 मिलिमीटरवर. 1500 आरपीएमला ते अर्धा किलोच्या जोराने ओढतं. 18,000 ला? तब्बल 72 किलोच्या! वेग बारापट, जोर 144 पट.

आता उलटी बाजू बघा. तेवढीच 15 किलोवॅट पॉवर 1500 ला न्यायची तर टॉर्क साधारण 95 न्यूटन-मीटर. 18,000 ला फक्त 8! म्हणजे मी नसलेल्या प्रश्नाचं उत्तर काढलं होतं. जास्त वेगाला टॉर्क कसा न्यायचा हा प्रश्न लहान. हब गरम झाल्यावर, पूर्ण वेगात, मधोमध घट्ट राहील का, हा खरा प्रश्न.

मग चावी काढून श्रिंक फिट करू म्हटलं. इंटरफरन्स 0.04 मिलिमीटर. सर म्हणाले, "अरे, गरम झाल्यावर किती उरेल?" ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं. तापमान 80 अंश वाढलं की 0.035 तिथेच गेले. वर फिरण्यामुळे हब आणखी फाकतो, तोही वेगाच्या वर्गात.

शेवटी इंटरफरन्स 0.06 केला, हबवरचा ताण तपासला, आणि इंपेलर शाफ्टच्या खांद्यावर नटने आवळला. 10 किलोन्यूटनची आवळ, घर्षणांक 0.1, सरासरी त्रिज्या 15 मिलिमीटर धरली तरी एकटा खांदा 15 न्यूटन-मीटर पेलतो. लागतात 8. गाडीच्या टर्बोचार्जरमध्येही कॉम्प्रेसर व्हील बहुधा असंच नटने आवळलेलं असतं, चावी नसते. आणि बॅलन्सिंग? सगळं जोडून झाल्यावर, एकत्र.

दुसऱ्यांदा रिग 18,000 ला गेली. दादा लांबच उभे होते. मीही!

तर मित्रांनो, ड्रॉइंगमध्ये सवयीने चावी दाखवण्याआधी विचारा: गरम असताना, पूर्ण वेगात, पकड किती उरते? तुमचा अनुभव व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!