हरिश्चंद्र चिंतामण : बिल लक्षात राहिलं, फोटो विसरले

इथे तोंडवलीत, समुद्र आणि गड नदीच्या मधल्या या पट्टीत, पुष्कळ घरांतला सगळ्यात जुना फोटो मुंबईत काढलेला असतो. चाकरमानी आजोबा, खुर्ची, मागे पडदा. फोटो कुणाचा ते सगळे सांगतात. काढला कुणी, हे कुणी विचारत नाही. आज अशाच एका फोटोवाल्याबद्दल.

हरिश्चंद्र चिंतामण. १८५५ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला, त्यातले हे विद्यार्थी. पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी एक. स्टुडिओ रॅम्पार्ट रोवर, म्हणजे आजच्या काळा घोड्याजवळ. रॅम्पार्ट म्हणजे किल्ल्याचा तट. १८६० च्या दशकात तो पाडला, रस्त्याला नाव तेवढं उरलं. कापसाचा पैसा आला, शहर तटाबाहेर पसरलं, आणि छोट्या कार्डावर चिकटवलेले फोटो निघाल्यावर स्वतःची छबी काढून घेणं साहेबांपुरतं राहिलं नाही.

काम मात्र जिकिरीचं. काचेवर रसायनाचा थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवर फोटो घेऊन, अंधाऱ्या खोलीत नेऊन धुवायचा. हाताशी जेमतेम दहा-पंधरा मिनिटं, मुंबईच्या उकाड्यात त्याहून कमीच. विजेचे दिवे नव्हते. सगळी भिस्त उन्हावर. गिऱ्हाईक हललं की काच वाया.

इतकं करून हा माणूस आठवला जातो तो एका बिलासाठी! १८७९ च्या फेब्रुवारीत थिऑसॉफीवाले कर्नल ऑल्कॉट आणि मादाम ब्लाव्हाट्स्की मुंबईत उतरले, यांच्याकडे गिरगावात राहिले. पाहुणचार समजून बसले होते, हातात पडलं बिल. शिवाय आर्य समाजासाठी पाठवलेले पैसेही यांनीच ठेवल्याचं उघड झालं. ही हकिकत ऑल्कॉटनी स्वतः लिहून ठेवली आहे.

मी त्यांची वकिली करणार नाही. पैसे खाल्ले तर खाल्ले. पण ऑल्कॉटचं पुस्तक छापलं गेलं, फोटो मात्र घरोघर विखुरले. कार्डाच्या मागच्या बाजूला फोटोवाल्याचं नाव छापलेलं असायचं, आणि आपण ती बाजू फ्रेममध्ये बंद करून टाकली.

तर एक काम सांगतो. खाऱ्या हवेनं आणि वाळवीनं खाण्याआधी घरातला जुना फोटो फ्रेममधून हलक्या हातानं काढा, मागचं नाव वाचा आणि आम्हाला कळवा.