आवडीचे अन्न आणि हलका हात
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात कनेरगाव नाका येथे केलेले भाषण)



मला नेमून दिलेला विषय वरवर पाहता चुलीपाशी संपणारा वाटेल. परंतु तो आपल्या पंगतीचा, म्हणजेच आपल्या एकोप्याचा विषय आहे. अलीकडे पंगतीत कोणी वृद्ध गृहस्थ वाढप्यापुढे आडवा हात धरतात आणि अर्ध्या भाकरीवर उठतात, कारण वैद्यांनी सारे बंद केलेले असते. दुसरे कोणी आग्रहाला बळी पडतात आणि पुढे आठ दिवस त्याचे फळ भोगतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. वीस वर्षांवरील दर शंभरांत अकराहून अधिक. तेव्हा हा प्रश्न एकट्यादुकट्याचा राहिलेला नाही.

आवडीचा पदार्थ सर्वस्वी सोडा, असा उपदेश फार दिवस टिकत नाही. माणूस पंधरवडाभर मन मारतो आणि मग दुप्पट खातो. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की पदार्थ सोडू नये. करण्याची रीत बदलावी.

ही रीत बिघडली कशी, ते पाहू. आपल्या आजे-पणजांच्या घरी घाण्याचे करडईचे वा जवसाचे तेल मोजून वापरले जाई. म्हणूनच सणाला आणि पाहुण्याला तळण करणे हा सन्मान होता. १९३७ साली डालडा बाजारात आला. पुढे पिशवीतले तेल घरोघर पोचले. तळण रोजचे झाले, पण सन्मानाची कल्पना जुनीच राहिली. रश्शावर तर्री दिसली नाही तर पाहुणा घराला चिक्कू म्हणेल, या धास्तीने सून एक पळी तेल अधिक ओतते. दोष तिचा नव्हे. नावे ठेवणाऱ्या आपला आहे. एक ग्रॅम पिठातून साडेतीनच्या आसपास उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम तेलातून नऊ. एवढा एकच हिशेब ध्यानात ठेवावा.

आता प्रत्यक्ष पदार्थांकडे वळू. आपले गाव मराठवाडा आणि वऱ्हाड यांच्या शिवेवर असल्याने रोडगे आणि धपाटे दोन्ही आपल्या आवडीचे. रोडगे मूळचे गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजावयाचे. त्यांचीच बहीण जी बट्टी, ती आज वाफवून वर तेलात तळतात. जाडसर कणकेत ओवा, मीठ आणि थोडे मोहन घालावे, गोळे वीस मिनिटे वाफवावे, कापावे आणि लोखंडी तव्यावर चमचाभर तेलात झाकण ठेवून मंद आचेवर खरपूस करावे. वरणात कुस्करल्यावर तळलेली कोणती आणि भाजलेली कोणती, हे सांगणे कठीण जाईल. तूप हवेच असेल तर चमचाभर वरून घ्यावे. जिभेला वरचे तूप कळते, आत मुरलेले कळत नाही.

धपाट्यांत ज्वारीचे पीठ अधिक असावे. त्यात कांदा, मेथी, तीळ आणि थोडे दही घातले, की ते मऊ राहतात आणि कडेने तेलाची धार सोडावी लागत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने लोह आणि जस्त अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण २०१८ साली दिला. सोयाबीनच्या शेजारी घरापुरती चार तास ज्वारी पेरावी, ही शेतकरी बंधूंना विनंती. कोथिंबीर वडी वाफवल्यावर तळू नये. तीळ-मोहरीची चमचाभर तेलाची फोडणी वर घालावी. पिठल्याला हिंग, जिरे आणि लसूण यांचा वास येण्यास दोन चमचे तेल पुरते. पापड निखाऱ्यावर भाजावा.

पुरणपोळीबाबत मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. साखरेऐवजी गूळ घातला म्हणजे मधुमेह्याला मोकळीक मिळाली, हा भ्रम आहे. गूळ हीदेखील साखरच. डाळीच्या पाऊणपट गूळ घेऊन वेलची-जायफळ थोडे वाढवावे, पोळी लहान लाटावी, आधी कटाची आमटी प्यावी आणि एकीवर थांबावे. ज्यांना औषध चालू आहे, त्यांनी वैद्यांना विचारूनच तेवढीही खावी.

काही पदार्थ हलके करूच नयेत. अनारसा तुपातच शोभतो. त्याला वर्षातून एकदा, दिवाळीतच यावे आणि एकाने संपावे. त्याचा मान दुर्मिळपणात आहे.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. पुढील संमेलनाच्या पंगतीत रोडगे निखाऱ्यावरच भाजावेत, रश्शाची तर्री वेगळ्या भांड्यात ठेवावी आणि वाढणाऱ्याने एकदाच विचारावे. पुरुषमंडळींनी भट्टीपाशी उभे राहून रोडगे भाजण्याचे काम घ्यावे, म्हणजे भगिनींवर अधिक भार पडणार नाही. असे झाले तर आज आडवा हात धरणारे आपले वडीलधारे सर्वांबरोबर पोटभर जेवून उठतील. सभेने या सूचनेचा विचार करावा, अशी प्रार्थना आहे.