पन्नाशीनंतरचा कान



शरीराचे वार्धक्य हा डॉक्टरांचा विषय. सातवीत शाळा सुटलेल्या आमच्यासारख्या युनियनवाल्याने तो का घेतला, हे आधी सांगतो.

तीन वर्षांपूर्वी एक मागवाला आमच्या कचेरीत आला. मालक त्याला कामावर घेत नव्हता. किती दिवस झाले, असे आम्ही विचारले आणि ऐकले तसे लिहिले : ८ दिवस. त्या हिशेबाने तडजोड झाली, त्याने अंगठा दिला. पुढे त्याची बायको आली. म्हणाली, "दादा, धनी साठ म्हणाले हुते. तुम्ही आठ कसं लिवलं?" युनियनने ठरवले ते बरोबरच असेल, म्हणून तो गप्प बसला होता. मालकाने तडजोड पुन्हा उघडली नाही. ५२ दिवसांची मजुरी आमच्या कानापायी बुडाली.

आठ आणि साठ यांत फरक एका 'स'चा. आतल्या कानात शंखासारखी एक नळी असते. तीत सुमारे १५,००० केसाळ पेशी आवाज टिपतात. उंच, बारीक आवाज टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशी असतात. वय झाले की आधी त्याच मरतात, आणि मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. 'स', 'श' उंच पट्टीचे, 'आ' खालच्या पट्टीचा. म्हणून म्हातारा म्हणतो, "ऐकू येतं, पण कळत नाही." मग घरची माणसे ओरडतात. ओरडल्याने 'आ' मोठा होतो, 'स' फारसा होत नाही. म्हाताऱ्याला वाटते, आपल्यावर रागावली.

हे झाले वयाचे. धोट्याच्या मागांच्या खात्यात आवाज सहज ९० डेसिबलांच्या वर जातो, आणि तिथे बारा-बारा तासांची पाळी. पेशी त्याच, पण साठीत जायच्या त्या चाळिशीतच जाऊ लागतात. आम्ही स्वतः अकरा वर्षे माग चालवला आहे. नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यातील व्यावसायिक रोगांच्या यादीत गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणालाही पुढे जागा मिळाली. आमच्या हातून मात्र त्याचा एकही दावा गेला नाही. मागवाला ते दुखणे समजत नव्हता आणि, खरे सांगायचे तर, आम्हीही समजत नव्हतो.

डोळ्यांचे पाहा. चष्म्याला आपण 'चाळिशी' म्हणतो. वयाचेच नाव दिले, लाज संपली. कानाला असा शब्द नाही. तिथे थेट 'बहिरा', आणि ती शिवी. मग माणूस न ऐकताच मान डोलावतो, पारावर जायचे टाळतो, घरात एकटा पडतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ साली स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत ऐकू न येणे धरले, ते वाचून आम्ही दचकलो.

आता आम्ही कानात यंत्र घालतो. गेलेल्या पेशी त्याने येत नाहीत. घरातल्या भांड्यांचा आवाज मात्र फार येतो! कचेरीत आकडा दोनदा विचारतो, लिहून समोर धरतो, मग वाचून दाखवतो. त्या बाईचे ५२ दिवस वर्गणीतून द्यावे, असा ठराव येत्या बैठकीत आम्हीच मांडणार आहोत.

आता प्रश्न विचारा. मात्र मागून ओरडू नका. पुढे या, आमच्या तोंडासमोर उभे राहा आणि सावकाश बोला.