परीक्षेच्या दिवसांत आनापानसती



परीक्षा तोंडावर आल्या की आमच्या अभ्यासिकेत दहावी-बारावीची मुले तासन्‌तास एकाच पानाकडे पाहत बसतात. झोप उडते, पोटात गोळा येतो, पाठ केलेले आठवत नाही. विचारले की उत्तर एकच : "टेन्शन आलंय." या मुलांसाठी आम्ही श्वासाचा अभ्यास सुरू केला. त्याचा अनुभव आपल्यापुढे ठेवतो.

आरंभी आमचीच चूक झाली. मुलांना डोळे मिटायला लावून आम्ही म्हणालो, "जोरजोरात खोल श्वास घ्या, मन शांत करा." पाच मिनिटांत एका मुलाला गरगरले, बोटांना मुंग्या आल्या. तो घाबरून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. भराभर खोल श्वास घेतला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो व असा त्रास होतो, हे आम्हाला मागाहून कळले. तो मुलगा पुढे कित्येक दिवस फिरकला नाही. ऐन परीक्षेच्या तोंडावर आम्ही त्याची भीती वाढवली, ही रुखरुख आजही आहे.

मग आम्ही मूळ ग्रंथ उघडला. खरे तर ते आधी करायचे! मज्झिम निकायातील 118 वे सुत्त म्हणजे आनापानसती सुत्त. श्रावस्तीच्या पूर्वारामात तथागतांनी भिक्खूंना हा उपदेश केला. त्यात श्वासाच्या अभ्यासाच्या सोळा पायऱ्या आहेत. श्वास दीर्घ असेल तर तो दीर्घ आहे, आखूड असेल तर आखूड आहे, एवढेच पहिल्या दोन पायऱ्यांत जाणायचे. तिसरीत सर्व शरीराची जाणीव. शरीर शांत करण्याची गोष्ट येते ती चौथीत. आम्ही मुलांना पहिल्याच दिवशी चौथ्या पायरीवर उडी मारायला सांगत होतो.

आता आम्ही श्वास बदलायला सांगत नाही. पाठ ताठ, खांदे सैल, लक्ष नाकपुड्यांपाशी. विसुद्धिमग्गात आचार्य बुद्धघोषांनी वेशीवरच्या द्वारपालाचा दाखला दिला आहे. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला वेशीपाशीच पाहतो, प्रत्येकामागे गावात धावत नाही. तसे श्वासाकडे पाहायचे. मन पळणारच, तीन श्वास होत नाहीत तोच ते गणिताच्या पेपरात जाऊन बसते. गेले हे कळले की न रागावता परत यायचे. शंभर वेळा गेले तर शंभर वेळा. अशी दहा मिनिटे बसले की बहुधा श्वास आपोआप संथ होतो. उच्छ्वास लांबतो तेव्हा हृदयाची गती मंदावते, असे शरीरशास्त्रही सांगते.

मात्र न केलेला अभ्यास श्वास भरून काढणार नाही. ज्याला अनेक रात्री झोप नाही, जगणे नकोसे वाटते, त्याला पालकांनी डॉक्टरांकडे न्यावे. नुसते ध्यानाला बसवू नये. आणि घरातील टीव्हीचा आवाज कमी करणे, शेजारच्या मुलाचे गुण रोज न ऐकवणे, ही कामे आपली आहेत.

तो मुलगा दिवाळीनंतर परत आला. तो डोळे मिटत नाही, उघडे ठेवूनच बसतो. आम्ही त्याला टोकत नाही. रोज सायंकाळी सात वाजता आम्ही बसतो. पालकांनीही यावे, येताना चटई आणावी, संस्थेकडे पुरेशा नाहीत.